घरचं वाचनालय, पुढचा अपडेट: 'छान' सोडून काहीही लिहा

मंडळी, आखाजी (म्हणजे अक्षय तृतीया) झाली की लगेच लिहिते म्हणाले होते आणि आता कानबाईचा श्रावणातला सण तोंडावर आला, त्यामुळे हा अपडेट जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, अमळनेरला आमच्या पोर्चमध्ये दोन लोखंडी कपाटं भरून पुस्तकं आहेत, कॉलनीतली आणि मागच्या गल्लीतली माणसं नेतात, वर्गणी नाही, अनामत नाही, नोंदवहीत नाव लिहायचं आणि परत आणताना पुस्तकाबरोबर मताची चिठ्ठी द्यायची, बस. पुस्तकं जमवायचा नाद तर तुम्हा सगळ्यांनाच आहे, माझा नाद आता पुस्तकांवरून सरकून लोकांच्या मतांवर गेलाय.

तर चिठ्ठीचं काय झालं ते सांगते. आधी त्यावर एकच प्रश्न होता, पुस्तक कसं वाटलं? आणि उत्तरं ठरलेली. छान. खूप छान. अप्रतिम. टाईमपास. मध्ये चांदण्या पण छापून बघितल्या, मोबाईलवर देतात तशा, तर सगळ्यांना पाचच्या पाच! कारण उघड आहे, पुस्तक माझ्या घरून नेलंय, माझ्याच हातात परत द्यायचंय, वर चहापण इथेच घेतलाय, मग त्याला नावं ठेवणं म्हणजे पाहुणचाराला गेलेल्याने आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगण्यासारखं. म्हणून आता प्रश्नच बदललेत. कुठल्या पानाला कंटाळा आला? हे पुस्तक ओळखीत कोणाला द्याल आणि कोणाला अजिबात देणार नाही? शेवट तुमच्या हातात असता तर काय केलं असतं? नाव लिहायचं नाही, चिठ्ठी घडी करून दिवाळीच्या फराळाच्या जुन्या डब्यात टाकायची, मी नंतर ती मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवते म्हणजे पुढच्या वाचकाला आधीच्यांची मतं दिसतात. (नाव नसलं तरी अक्षरावरून मला निम्मे लोक कळतात हे त्यांना सांगू नका.)

आणि मग डबा बोलायला लागला.

सगळ्यात जास्त बोललं ते प्रेमकथांचं कपाट. हे कपाट आमच्याकडे सगळ्यात जास्त फिरतं आणि त्याच्याबद्दल तोंडी मत विचारलं तर सगळ्यात कमी बोललं जातं. नेणारे 'काही नाही, सहज, दुपारी झोप येत नाही म्हणून' असं सांगून नेतात, कव्हरला पेपर घालून नेतात आणि परत देताना दुसरं मागत नाहीत, नुसते कपाटापाशी रेंगाळतात. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात तेव्हा तर बघायलाच नको, मे महिन्याची दुपार, बाहेर ४४ डिग्री, आमरस-पुरणपोळी खाऊन झालीये, झोक्यावर बसायला पण ऊन, अशा वेळी एकेक जण दोन-दोन कादंबऱ्या उचलते आणि सासरी परत जायच्या आत संपवते. मला वाटायचं त्यांना फक्त शेवट गोड हवा असतो. तसं नाहीये. चिठ्ठ्यांमधून जे आलं ते फार नेमकं होतं. एकीने लिहिलं की नायक दोनशे पानं गैरसमज धरून बसतो, एक फोन केला असता तर पंधरा पानांत संपलं असतं, आणि हा फोन न करण्याचा आजार सगळ्याच हिरोंना का असतो. दुसरीचं म्हणणं, पुस्तकात लग्न ठरेपर्यंत सगळं आहे पण हुंड्याचं कोणी बोलतच नाही, घरात कोणी विचारत कसं नाही? तिसरीने नुसतं लिहिलं, 'सगळे हिरो पुण्याला किंवा मुंबईला, सुरत-भुसावळ लाईनवर कोणाचं प्रेम बसत नाही का.' याला माझ्याकडे उत्तर नाही, माझं कपाट खरंच तपासलं तर नंदुरबार, दोंडाईचा, धरणगाव, कुठल्याच स्टेशनवर कोणी कोणाची वाट बघत उभं नाही. ज्याला लिहायचं असेल त्याने हे मनावर घ्या, वाचक तयार आहेत.

'कोणाला देणार नाही' या प्रश्नाला प्रेमकथांच्या चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यात जास्त आलेलं उत्तर: नवऱ्याला. कारण कोणी लिहिलेलं नाही.

आता जिभाऊंचं सांगते, कारण ते या कपाटाचे सगळ्यात इमानदार गिऱ्हाईक आहेत आणि ते लपवत पण नाहीत. रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांची चिठ्ठी म्हणजे पाठपोट भरलेली, शिवाय एक जादा कागद टाचणीने लावलेला. त्यांनी जुना ना. सी. फडके विरुद्ध वि. स. खांडेकर वाद उकरून काढला, म्हणजे कलेसाठी कला की जीवनासाठी कला, आणि लिहिलं की आम्ही तरुण असताना खांडेकरांच्या बाजूने भांडायचो आणि रात्री फडके वाचायचो. मला हे वाक्य वाचून इतकं हसू आलं! मग मी मुद्दाम 'ययाति' त्यांच्याकडे आणि शेजारच्या वहिनींकडे पाठोपाठ दिली, ही १९५९ ची कादंबरी, खांडेकरांना पुढे ज्ञानपीठ मिळालं ते हिच्यावर, आणि तिच्यात ययाति, देवयानी, शर्मिष्ठा असे तिघेही आपापल्या तोंडाने गोष्ट सांगतात. जिभाऊंनी ययातिच्या भोगलालसेवर अख्खं प्रवचन लिहिलं. वहिनींची चिठ्ठी तीन ओळींची: देवयानीला सगळे गर्विष्ठ म्हणतात पण तिचा नवरा तिच्याशी खोटं वागला हे कोणी मोजत नाही, आणि शेवट माझ्या हातात असता तर तिला माहेरी नेऊन ठेवली असती. आता दोन्ही चिठ्ठ्या एकाच पुठ्ठ्याच्या आत एकाखाली एक चिकटलेल्या आहेत आणि पुढचा प्रत्येक वाचक कोणाची तरी बाजू घेऊन येतो. पुस्तकाइतकीच त्या पुठ्ठ्याची मागणी आहे असं म्हणायला हरकत नाही.

कॉलेजच्या पोरींचं वेगळं आहे, त्या प्रेमकथा वाचतात भरपूर पण मोबाईलवर, प्रतिलिपी नावाच्या कथांच्या अ‍ॅपवर, भागाभागांनी, आणि तिथे प्रत्येक भागाखाली मत टाकायची त्यांना सवय झालीये त्यामुळे माझ्या चिठ्ठीवर त्या बिनधास्त लिहितात. पण एक फरक दिसला, त्यांचं मत पुढे काय होणार याच्यावर असतं, पुस्तकावर कमी. छापील जाड कादंबरी दिली की कंटाळ्याचं पान साठ-सत्तरच्या आसपास येतं, 'अजून काहीच घडलं नाही' असं. बरोबरच आहे, भागांमध्ये वाचणाऱ्याला प्रत्येक तुकड्याच्या शेवटी गाठ हवी असते आणि जुना कादंबरीकार साठ पानं वाड्याचं वर्णन करत बसलेला असतो.

रहस्यकथा आणि यशस्वी कसं व्हावं छाप पुस्तकं यावर फार वेळ घालवत नाही. रहस्यकथांचं मत म्हणजे 'खुनी आधीच कळला', प्रत्येकाला कळलेला असतो. यशस्वी होण्याच्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या अजूनही 'छान' वरच आहेत, कंटाळ्याचं पान सगळ्यांनी रिकामं सोडलंय, आणि पुस्तकाची घडी पहिल्या प्रकरणाच्या पुढे मोडलेली नाही हे मला बाइंडिंगवरून दिसतं.

'श्यामची आई' बद्दल लिहायलाच हवं, अमळनेरात बसून ते टाळता येत नाही. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कूलला शिकवायचे, वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, आणि या पुस्तकाचा बहुतेक भाग त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढला. आमच्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत आणि दोन्हींवरची मतं जमीन-अस्मान. आजी-आजोबा वयाच्या वाचकांना कंटाळ्याचं पानच नाही, उलट 'पुढे वाचवेना, डोळे भरले' असं लिहून त्याचा पान नंबर दिलाय. पाचवी-सहावीतली पोरं मात्र पोहण्याच्या गोष्टीवर अडकलीयेत, श्याम पोहायला जायचं नाही म्हणून माळ्यावर लपतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते ती. एकाने लिहिलं, 'आईने बरोबर यायला पाहिजे होतं.' दुसऱ्याने, 'माझी आई मला पोहायला जाऊच देत नाही.' मला विचाराल तर पुस्तकाचं खरं वाचन या पोरांनीच केलंय, कारण ती श्यामच्या जागी उभी राहून वाचतात आणि मोठी माणसं आपल्या आईला आठवून वाचतात. दोन्हीला माझी ना नाही पण मुलांना 'रडू आलं का' म्हणून विचारणं बंद करा बुवा. बेचाळीस रात्रींचं पुस्तक आहे, रोज एक रात्र मोठ्याने वाचली तर वाद घालायला वेळ मिळतो, तसं करून बघा.

आता चित्रपुस्तकं. इथे चिठ्ठीचा काही उपयोगच नाही कारण वाचक तीन-चार वर्षांचा आणि त्याला लिहिता येत नाही. आई-बाबांना विचारलं तर ते 'खूप छान, चित्रं सुंदर' लिहितात, ते त्यांचं मत, पोराचं नाही. म्हणून मी दुसरं सुरू केलंय, पुस्तक नेतानाच घरच्यांना सांगते की पोरगं कुठल्या पानाला मागे फिरवतं, बोट कशावर ठेवतं आणि 'आखो' (अहिराणीत 'अजून') कधी म्हणतं एवढंच लिहा. ही युक्ती सगळ्यात भारी चालली. माधुरी पुरंदऱ्यांची 'राधाचं घर' ही मालिका तुम्हा सगळ्यांकडे असेलच, तर आमच्याकडे ज्या घरांत ती गेली तिथून आलेली मतं मोठ्या माणसाला सुचणारच नाहीत अशी. एकीला गोष्टीतल्या माणसांचं काही नाही, तिला चित्राच्या कोपऱ्यातल्या वस्तूंचीच चौकशी. एक जण दर वेळी शेवटचं पान आलं की पुस्तक उलटं धरून पहिल्यापासून. वाचून दाखवणाऱ्या बाबांची चिठ्ठी निराळी आली, 'माझ्या कंटाळ्याचं पान पहिलंच, कारण तेच अकराव्यांदा वाचतोय.' हेही पुस्तकाचंच मत झालं की, जे पुस्तक बाबाला अकराव्यांदा पण वाचवतं त्याची वाक्यं तोंडात नीट बसणारी असली पाहिजेत. चित्रपुस्तक घेताना मी आता दुकानात उभं राहून दोन पानं मोठ्याने वाचते. लोक बघतात, बघू देत.

दुसरं एक झालं ते मला सगळ्यात आवडलं. 'चित्रवाचन' हे पुरंदऱ्यांचंच पुस्तक, त्यात बोलायचं काम चित्रांवर सोडलंय, ते मागच्या गल्लीतला एक पोरगा घेऊन गेला. त्याची आजी शाळेत गेलेली नाही, घरात अहिराणीच. तिने ते पुस्तक पोराला अहिराणीत सांगितलं, अक्षरं नव्हती त्यामुळे कोणी तिला अडवलं नाही, आणि रोज गोष्ट वेगळी. नंतर पोराने माझ्याकडे येऊन तक्रार केली की तू सांगतेस तशी गोष्ट खोटी आहे, आजीची खरी! मग 'मांजर कथा गई' (मांजर कुठे गेली) हे मलाच विचारायला लागला. आजींचं मत मी तोंडी विचारून लिहून घेतलंय, त्या म्हणाल्या पुस्तक बरं आहे पण सगळी घरं सिमेंटची काढलीयेत, माळवदाचं एक तरी घर पाहिजे होतं. छापील मजकुराची चित्रपुस्तकं आपण प्रमाण मराठीत वाचून दाखवतो आणि अहिराणी किंवा लेवा बोलणाऱ्या पोराचा चेहरा थोडा लांब जातो, हे तुमच्यापैकी ज्यांच्याकडे खेड्यातली मुलं येतात त्यांनी बघितलंच असेल. स्टोरीविव्हर या वेबसाइटवर प्रथम बुक्स या प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात आणि लायसन मोकळं असल्यामुळे भाषांतर करायला पण परवानगी आहे, तर दोन-तीन पहिल्या पातळीची, म्हणजे अगदी थोड्या शब्दांची, या आजींना बसवून अहिराणीत करून घ्यायचा विचार आहे. प्रिंट काढून, मध्ये दोऱ्याने शिवून, वरून जाड पुठ्ठा. स्टेपलची पिन नको, पावसाळ्यात गंजते आणि पोरं ती तोंडात घालतात.

कामाचं थोडं. चिठ्ठ्या चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ वापरत असाल तर त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची जुनी पद्धत आहे, पण चित्रपुस्तकांना अजिबात नको, ते विषारी आहे आणि पोरं पुस्तक चाटतात. त्यांना साधी ताजी खळ, पातळ लावून पूर्ण वाळवायची, नाहीतर कसर लागते. आणि नोंदवहीत मी आता 'किती जणांनी नेलं' याच्या शेजारी 'किती चिठ्ठ्या आल्या' असा रकाना केलाय. या दोन रकान्यांतला फरक बघायला मजा येते, प्रेमकथा भरपूर जातात आणि चिठ्ठ्या निम्म्याच, कविता कोणी नेत नाही पण बहिणाबाईंची गाणी ज्याने नेली त्याने चिठ्ठी दिलीच दिली, आणि बहुतेकांनी त्यात स्वतःच्या आजीच्या तोंडच्या एक-दोन ओळी जोडल्यात, त्या पुस्तकात नाहीत.

एक अडचण आहे, त्यावर तुमचं काय चालतं ते सांगा. 'शेवट बदला' या प्रश्नामुळे लोक आधी खरा शेवट लिहितात आणि मग आपला, आणि पुढचा वाचक पुस्तक उघडायच्या आधी पुठ्ठा वाचतो. परवा एका ताईंनी कादंबरी हातात घेतली, मागचा पुठ्ठा उघडला, 'अगं बाई, मेला का तो' म्हणाल्या आणि पुस्तक जागेवर ठेवून दिलं. सध्या मी शेवटाच्या चिठ्ठ्या दुमडून वरच्या कडेला खळीचा एकच ठिपका लावतेय, उचलली तरच दिसेल अशी. जिभाऊंचं मत की शेवट कळल्यावर जो वाचत नाही त्याला पुस्तक देऊच नये. ताई आणि जिभाऊ एकाच गल्लीत राहतात, त्यामुळे हे मी अजून ताईंना सांगितलेलं नाही.