आईला सांगत सांगत वाचलेलं जग

देशोदेशीचं साहित्य वाचायचं मनात घेतलं आणि आधी यादी केली. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देशच 193. नायजेरियाचे चिनुआ अचेबे, इजिप्तचे नगीब महफूझ मला मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांत मिळाले. सेनेगल, अल्बानियासाठी मात्र विक्रेत्यांकडे नंबर देऊन ठेवावा लागला.

वाचन बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये. परकी नावं, परके रिवाज. चार दिवस खंड पडला की धागा सुटायचा. आई इंग्रजी वाचत नाही. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी तिला पु.लं.च्या ‘एका कोळियाने’ या अनुवादामुळे ठाऊक. "बाकीच्या देशांचं मला कोण सांगणार?" असं तिनेच विचारलं, आणि रोज रात्री भाजी निवडताना मी तिला वाचलेलं सांगू लागले. तिथून गाडी रुळावर आली.

मारियामा बा यांची ‘सो लाँग अ लेटर’ ही 1979 सालची छोटी कादंबरी, मूळ फ्रेंच. नवरा वारल्यावर सेनेगलची रामातुलाये मैत्रिणीला लांबलचक पत्र लिहिते. नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं, तेही मुलीच्या मैत्रिणीशी. हिची बारा मुलं, तीस वर्षांचा संसार. तरी नणंदांच्या लेखी दोघी विधवा सारख्याच. आईच्या हातातली मेथी हातातच राहिली. "अगं, एवढी वर्षं हिने केलं ते कुठे गेलं?" दुसऱ्या दिवशी गाडीत मी ती पानं पुन्हा काढली. पूर्वी दुखवट्याला धान्य, तेल, साखर यायची, आता सगळ्यांसमोर नोटा दिल्या जातात, हेही तिथेच आहे. ते ऐकून आई आपल्याकडच्या आहेरांवर तासभर बोलली.

इस्माईल कादारेंच्या ‘ब्रोकन एप्रिल’मध्ये अल्बानियाच्या डोंगरातला सूडाचा कायदा आहे. मारणाऱ्याने मेलेल्याच्या अंत्यविधीला जायचं, त्याच्याच घरी जेवायचं. मग तीस दिवसांचं अभय, आणि त्यानंतर मारणाऱ्याची पाळी. आईला पटेपर्यंत समजावताना ही साखळी मलाही पक्की कळली.

सुरुवात अशा लहान कादंबऱ्यांपासूनच करा, हे अगदी मनापासून सांगते. जाडजूड पुस्तकं नंतर.

आमचं जाडजूड आता सुरू झालंय: आइसलंडच्या हाल्दोर लाक्सनेस यांचं ‘इंडिपेंडंट पीपल’. बायकोचे दिवस भरलेले असताना तिला एकटी टाकून या कादंबरीचा नायक हरवलेली मेंढी शोधायला हिमवादळात जातो. आई त्याच्यावर भयंकर चिडलीय, आणि पुढचं ऐकल्याशिवाय झोपायला तयार नाही.