स्थानिक चिकणमातीचं ड्रिलिंग मड: तीन खाणींची फेरी

बोअर घेताना भोकात फिरवायचं माती-पाण्याचं मिश्रण म्हणजे मड. त्याला जवळपासची माती चालेल का, ते निम्मं खाणीवरच कळतं. त्यासाठी दोन दिवसांत तीन जागा पाहिल्या. अशी फेरी कोरड्या दिवसांतच काढा. ओले असताना सगळे थर सारखेच दिसतात.

पहिली जागा नाल्याकाठची. माती हाताला मऊ, पण चिमूटभर दाढेखाली धरली की करकर. वाळूची माती पंप खाते, म्हणून ती तिथेच सोडली. दुसरीकडची पांढरी माती भांड्यांना उत्तम, मडला निरुपयोगी: काओलिन फुगत नाही, तळाशी बसतं.

तिसऱ्या जागी उतारावरचा वाळलेला थर लाह्यांसारखा फुललेला दिसला. त्याखाली हिरवट राखाडी, मेणचट माती. नखाने घासली की चकाकते. फुगणाऱ्या मातीची ही खूण. मुळांचा वरचा थर काढून टाका, उभ्या कडेवर वरून खाली सारखी खाच मारा आणि दर अर्ध्या मीटरची माती वेगळ्या पिशवीत भरा. कामावर वापरायचं पाणीही पाच लिटर सोबत घ्या. हे हमखास राहून जातं, आणि मग चाचणी एका पाण्यात होते नि काम दुसऱ्याच.

मुक्कामी आधी फुगवण पाहा. मोजपात्रात 100 मिली पाणी घेऊन 2 ग्रॅम कोरडी पूड चिमटीचिमटीने सोडा आणि 24 तास हलवू नका. चांगलं सोडियम बेंटोनाइट (मडसाठीची खूप फुगणारी माती) 24 मिलीच्या वर जातं. आमची माती निम्म्यालाही पोचली नाही, म्हणजे कमी फुगणारं कॅल्शियम बेंटोनाइट. अशी माती टाकून देऊ नका. तिच्या कोरड्या वजनाच्या 2, 3 आणि 4 टक्के सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट) घालून तीन वेगळे गोळे घट्ट मळा, दोन-तीन दिवस ओल्या गोणपाटाखाली मुरू द्या, मग उन्हात वाळवून दळा आणि 75 मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. भट्टीत भाजलीत तर फुगण्याची ताकदच जाते. सोडा जास्त झाला की मड दाट दिसतं, पण कण गुठळतात आणि पाणी गळू लागतं.

खरी परीक्षा अशी: 350 मिली पाण्यात 22.5 ग्रॅम पूड, 20 मिनिटं घुसळण, 16 तास विश्रांती. व्हिस्कोमीटर (दाटपणा मोजायचं यंत्र) मिनिटाला 600 फेऱ्यांवर किमान 30 दाखवायला हवा. 100 पीएसआय दाबाखाली 30 मिनिटांत गाळणकागदातून पाण्याची गळती 15 मिलीच्या आत. मार्श फनेलमधून (मडचा दाटपणा पाहायचं ठरावीक मापाचं नरसाळं) 946 मिली साधं पाणी 26 सेकंदांत उतरतं. मडला साधारण 35 ते 40 लागावेत. पण नुसत्या फनेलवर विसंबू नका. कमअस्सल मातीनेही तो आकडा गाठता येतो, फक्त माती भरमसाट लागते. अशा मडची घनता 1.04 च्या खूप वर जाते, बोअरच्या भिंतीवर जाड थर बसतो आणि रॉड अडकतो. गाळणकागदावरचा थर बोटाने पाहा: पातळ, गुळगुळीत, चिवट हवा.

पाणी कठीण असेल तर हजार लिटरला अर्धा किलो सोडा अ‍ॅशपासून सुरुवात करा, पीएच 8.5 ते 9.5 वर आणा, माती त्यानंतरच. क्रम उलटला तर माती उमलतच नाही. एवढं करूनही गळती राहिली तर थोडं सीएमसी (सेल्युलोजपासूनची दाटपणा आणणारी पूड) घाला. ट्रकभर माती उचलण्यापूर्वी कामाच्याच पंपावर 200 लिटरचं एक पिंप घोळवून बघा.