गिर्येची गोदी आणि खाडीत जळालेले आरमार

तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे जाणारे बहुतेक प्रवासी थेट किल्ल्याच्या दरवाजाशीच थांबतात. या खेपेस मी मात्र आधी गिर्ये गावाच्या हद्दीत, वाघोटन खाडीच्या काठी उतरलो, कारण आंग्र्यांची आरमारी गोदी पाहायचे बरीच वर्षे मनात होते. काठावर जाळे उकलत बसलेल्या काकांना वाट विचारली, तेव्हा ते म्हणाले, "सुकतीक इलात ता बरा केलात. भरती इली का खालचो चिरो दिसाचो नाय."

खडक कोरून आणि बांध घालून केलेली ही गोदी सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद आहे. आत आता गाळ भरला आहे, आणि खालच्या चिऱ्यांना कालवे (खडकाला चिकटणारे शिंपले) इतकी घट्ट धरलेली की हात जपूनच टेकवावा लागला. भरतीबरोबर जहाज आत घ्यावे, पाणी उतरले की तळ कोरडा पडावा आणि फळ्यांच्या सांधी बुजवून घ्याव्यात, हे सारे काम समुद्राच्याच वेळापत्रकावर चालणारे होते.

येथे येणारी मुख्य लढाऊ नौका म्हणजे गुराब. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांपर्यंत, तर तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या आसपास असे. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब व पुढे निघालेली असून नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा हे तिचे खरे बळ होते. युरोपीय जहाजांच्या तोफा दोन्ही कुशींना रांगेने बसवलेल्या असत आणि पिछाडी त्या मानाने उघडी राही. आंग्र्यांचे तांडेल नेमके हेच हेरत. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीशी नेत, तेथून डोलकाठ्या आणि शिडे फोडली जात, आणि जहाज पांगळे झाले की गलबतांतले शेकडो लोक तलवारी घेऊन चहूबाजूंनी वर चढत. कमी तोफांनिशी मोठ्या जहाजाला नमवण्याची इतकी विचारपूर्वक आखलेली पद्धत मला फार मोलाची वाटते.

दुपारी किल्ल्याच्या तटावरून खाडीचे मुख पाहताना मात्र मन जड झाले. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी इंग्रज ॲडमिरल वॉटसनची जहाजे याच पाण्यात शिरून किल्ल्यावर तोफा डागत होती. किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या छावणीत गेले होते, आणि त्यांचे आरमार तटाखाली एकमेकांना बांधून ठेवलेले होते. ज्या गुराबीचे सारे सामर्थ्य मोकळ्या पाण्यात, शत्रूच्या मागे फिरण्यात, तिलाच येथे जागेवर खिळवले गेले. एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून घेतलेले होते. त्याची आग दोरखंडांवरून आणि शिडांवरून शेजारच्या नौकांकडे पसरत गेली आणि जवळजवळ सगळा ताफा जळाला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. त्या मोहिमेत जमिनीकडून पेशव्यांचेच सैन्य इंग्रजांच्या जोडीला उभे होते, ही गोष्ट त्या तटावर उभे राहून आठवणे मला फार कठीण गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरातील तहाने किल्ला पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे गेले. पुढे आनंदराव धुळपांनी येथूनच मराठ्यांचे आरमार चालवले आणि एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज झुंजून पकडले. जळालेल्या गुराबी मात्र आंग्र्यांना पुन्हा बांधता आल्या नाहीत. संध्याकाळी परतताना गोदीपाशी थांबलो, तेव्हा भरतीचे पाणी आत चढत होते आणि सकाळचे कालवांचे चिरे एकेक करून बुडत होते.