‘आविष्कार’मधील माझा अनुभव: क्षारपड जमिनीपासून विद्यापीठाच्या संघापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करत असताना मी ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवात कृषी व पशुसंवर्धन गटातून भाग घेतला आणि राज्यस्तरासाठी विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली. राज्यातील विद्यापीठांसाठी २००६ पासून होणाऱ्या या महोत्सवात मानव्यविद्येपासून औषधनिर्माणशास्त्रापर्यंत सहा गट असून पदवी, पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थी आपापल्या स्तरावर स्पर्धेत उतरतात.

माझा विषय शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनींचा होता. उसाला वर्षानुवर्षे दिलेले बेसुमार पाणी आणि काळ्या, चिकण मातीतून होणारा अपुरा निचरा यांमुळे भूजल वर चढते, त्यातील पाणी बाष्पीभवनाने उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर साचतात. आमच्या भागात या पांढऱ्या थराची ओळख लहान मुलांनाही असते. मी उन्हाळ्यात, क्षार वर आलेले असताना, वेगवेगळ्या खोलीवरील मातीचे नमुने घेतले आणि त्यांचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लता) व विद्युत वाहकता (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) मोजली.

जिल्हास्तरावर पोस्टरसमोर उभे राहून काही मिनिटांत सगळे सांगायचे असते. परीक्षक पोस्टर वाचत बसत नाहीत, ते थेट विचारतात. त्यामुळे मजकूर कमी करून मी तालुक्याचा नकाशा, खोलीनुसार क्षारतेचा आलेख आणि निष्कर्ष एवढेच ठळक ठेवले. हा निर्णय योग्य ठरला, असे मला आजही वाटते.

खरी कसोटी विद्यापीठातील मध्यवर्ती फेरीत लागली. वाहकता दर मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा (वाहकतेचे एकक) जास्त असली की जमीन क्षारयुक्त समजतात, मग तुमची आकडेवारी त्याखाली असताना तुम्ही तिला क्षारयुक्त कसे म्हणता, असा प्रश्न आला. ती मर्यादा संपृक्त मातीच्या अर्कासाठी, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यासाठी आहे, तर मी एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून मोजणी केली होती. त्या द्रावणात क्षार विरळ होत असल्याने आकडा कमीच येतो, आणि म्हणून मी त्या पद्धतीसाठी ठरलेल्या श्रेणी वापरल्या होत्या, हे मी प्रयोगवहीतील नोंदींसह दाखवले. त्यानंतर क्षारयुक्त आणि चोपण जमीन यांतील फरकावर बराच वेळ चर्चा झाली. चोपण जमिनीत सोडियमचे प्रमाण अधिक असल्याने तिला जिप्सम लागते, तर क्षारयुक्त जमिनीला मुख्यतः चांगला निचरा व क्षार धुऊन काढण्यासाठी गोडे पाणी लागते. हा भेद न करता सरसकट जिप्समची शिफारस करणे शेतकऱ्याचा खर्च वाया घालवणे आहे. इतके नेमके प्रश्न विचारणारे परीक्षक लाभणे हे मी माझे भाग्य समजतो. बक्षिसाच्या इच्छेने येणाऱ्यांनीही प्रयोगवही जवळ ठेवावी, कारण परीक्षक निष्कर्षापेक्षा मोजणीची पद्धत अधिक बारकाईने तपासतात.

राज्यस्तरावर पोस्टर फेरीनंतर निवडक स्पर्धकांनाच तोंडी सादरीकरणाची संधी मिळते. मला ती मिळाली नाही. मात्र तेथे एका परीक्षकांनी पावसाळ्यानंतर त्याच ठिकाणचे नमुने घेण्याची सूचना केली. त्यानुसार दुसऱ्या फेरीचे नमुने आता प्रयोगशाळेत आले असून त्यांची मोजणी सुरू आहे. पहिल्या फेरीचे अहवाल मी संबंधित शेतकऱ्यांना मराठीत लिहून दिले आहेत.