ब्रातेयूच्या भट्टीवर घडलेले कडे

माझे बालपण पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर गेले. तांब्यावर एका लयीत पडणाऱ्या हातोडीचा आवाज मला परका नव्हता. परंतु त्या कामाला मी स्वतः कधी हात लावलेला नव्हता. तो पहिल्यांदा लावला तो रुमानियात, सिबियू जिल्ह्यातील ब्रातेयू या गावी, एका काल्देराश रोमा तांबटाच्या पडवीत. रोमा म्हणजे युरोपात ‘जिप्सी’ या नावाने ओळखले गेलेले लोक, आणि काल्देराश ही त्यांच्यातली तांबटकाम करणारी शाखा. तेथे सहा दिवस राहून मी तांब्याचे एक कडे घडवले. ते कसे घडले आणि घडवताना काय काय बिघडले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

कारागिरांच्या घरी पाहुण्यांना शिकायला पाठवणाऱ्या एका लहान संस्थेमार्फत मी नाव नोंदवले होते. त्यांच्या पत्रकात ‘पारंपरिक रोमा धातूचे दागिने’ असे शब्द होते. बुखारेस्टहून आगगाडीने ब्राशोव्ह आणि सिगिशोआरामार्गे मेदियाशला उतरायचे आणि तेथून काही किलोमीटरवर ब्रातेयू. गावात शिरतानाच रस्त्याच्या कडेला तांब्याच्या कढया, किटल्या आणि त्सुइका नावाची आलुबुखाराची दारू गाळण्याचे मोठे हंडे उन्हात मांडून ठेवलेले दिसतात. रुंद काठाच्या टोप्या घातलेले पुरुष आणि चुण्यांचे पायघोळ घागरे नेसलेल्या स्त्रिया त्यांच्याजवळ उभ्या असतात. काल्देराश हे नावच रुमानियन भाषेतल्या ‘हंडा’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. म्हणजे आपल्याकडच्या ‘तांबट’ या नावासारखे ते धंद्यावरूनच पडलेले नाव.

माझे गुरू सत्तरीच्या घरातले होते. त्यांना सगळे ‘काको’ म्हणत. रोमानी, म्हणजे रोमांच्या स्वतःच्या, भाषेत काको म्हणजे काका, आणि वडीलधाऱ्या परक्या माणसालाही आदराने तसेच हाक मारतात. त्यांच्या पत्नीला मी ‘बीबी’, म्हणजे काकू, म्हणू लागले आणि त्या दोघांनी मला पहिल्याच संध्याकाळपासून ‘शेय’, म्हणजे मुली, अशी हाक मारायला सुरुवात केली. त्यांचा नातू इंग्रजी बोलत असे आणि दुभाष्याचे काम करत असे. पण तिसऱ्या दिवसानंतर आम्हाला त्याची गरज क्वचितच पडली.

पहिल्या सकाळी काकोंनी सर्वांत आधी एक गैरसमज दूर केला. तांब्याचे दागिने ही त्यांच्या लोकांची परंपरा नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. काल्देराश स्त्रीचा खरा दागिना म्हणजे ‘गाल्बी’, म्हणजे सोन्याची नाणी, तीही बहुतेक ऑस्ट्रियाची जुनी. ती गळ्यात ओवायची किंवा वेणीत गुंफायची. तांबे हे हंड्यासाठी. कडी, कर्णफुले, लटकने हे सारे अलीकडचे. मोठ्या भांड्यांची मागणी घटली आणि कारखान्यातले स्वस्त ॲल्युमिनियम आणि पोलाद घरोघर पोचले, तेव्हा हंड्याचेच तंत्र लहान वस्तूंकडे वळवण्यात आले. मला हे ऐकून निराशा वाटली नाही. उलट, काय शिकायचे आहे ते मला तेव्हा नेमके कळले: वस्तू नवी आहे, परंतु तिच्यातला प्रत्येक ठोका, प्रत्येक सांधा हंड्याचा आहे. माझ्या मते ‘पारंपरिक’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो त्या सांध्यासाठी वापरावा.

त्या सोन्याच्या नाण्यांची गोष्ट मात्र हसतमुखाने ऐकण्यासारखी नव्हती. वलाकिया आणि मोल्दाविया या संस्थानांत रोमा लोक शतकानुशतके गुलाम होते. १३८५ सालच्या एका दस्तऐवजात रोमांची चाळीस कुटुंबे एका मठाला दान दिल्याची नोंद आहे, आणि ही गुलामी कायद्याने संपली ती १८५५-५६ मध्ये. त्यानंतर अनेक काल्देराश कुटुंबे भट्टी आणि भाता गाडीत घालून युरोपभर पसरली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, रुमानियाचा हुकूमशहा आंतोनेस्कू याच्या राजवटीने सुमारे २५,००० रोमांना नीस्तर नदीपलीकडच्या, तेव्हा रुमानियाच्या ताब्यात असलेल्या ट्रान्सनिस्ट्रियात हद्दपार केले. त्यांतले हजारो भुकेने, थंडीने आणि रोगाने मेले. पुढे साम्यवादी काळात घराघरांतले सोने जप्त झाले. ज्या माणसाला जमीन मिळत नाही आणि कधीही उठवले जाण्याची भीती असते, त्याची सगळी शिल्लक अंगावर असते. म्हणून त्या नाण्यांना केवळ शोभेची वस्तू म्हणणे मला जमत नाही. बीबींनी स्वतःची दोन नाणी मला दाखवली आणि लगेच रुमालात बांधून ठेवली.

आता कामाविषयी. एक मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्यातून एकवीस सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद अशी पट्टी कापायची, ती भट्टीत लालसर तापवून पाण्यात बुडवायची आणि मऊ करायची. तांबे ठोकले की ते कडक होत जाते, कारण त्याच्या आतल्या स्फटिकांची मांडणी विस्कटते आणि त्यांना एकमेकांवरून सरकणे अवघड होते. तापवले की ती मांडणी पुन्हा नव्याने बसते. पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडवले तर कडक होते, तांबे मात्र मऊच राहते, ही गोष्ट मी वाचलेली होती. पण हातातली ताठ पट्टी पाण्यातून काढल्यावर चामड्यासारखी वाकली, तेव्हा मला ती खरी पटली. किती तापवायचे हे मात्र अंशांत कोणी सांगत नाही. काकोंनी पडवीचा तट्ट्या ओढून अंधार केला आणि ‘उन्हात लाल दिसत नाही, सावलीत दिसतो’ एवढेच सांगितले. पिकल्या जांभळाचा काळपट लाल रंग दिसला की थांबायचे. केशरी दिसला तर उशीर झाला.

तापवल्यावर पत्र्यावर काळी खपली धरते. ती काढायला तेथे व्हिनेगर आणि मीठ वापरतात. मी चिंचेविषयी सांगितले तेव्हा बीबींनी ती काय असते ते बराच वेळ विचारून घेतले.

खरी परीक्षा सांध्याची. पट्टीची दोन्ही टोके आधी ठोकून पातळ करायची, एका टोकाला कात्रीने सात-आठ मिलिमीटर खोल दाते पाडायचे, एकाआड एक दाते वर उचलायचे, त्यांच्या फटीत दुसरे टोक सारायचे आणि दाते ठोकून बसवायचे. मग त्या दातेरी सांध्यावर पितळेचा कीस आणि टाकणखार पाण्यात कालवून लावायचा आणि कोळशात धरायचे. पितळ सुमारे ९०० ते ९४० अंशांना वितळते आणि तांबे १,०८५ अंशांना. सगळे कसब या दोन आकड्यांमधल्या अरुंद पट्टीत आहे. टाकणखार आधी फुगतो, मग काचेसारखा पातळ होतो, आणि त्यानंतर एका क्षणी पितळ वितळून सांध्याच्या फटीतून पिवळ्या चमकत्या रेषेसारखे धावते. त्या क्षणी कडे बाहेर काढायचे.

माझ्या पहिल्या कड्याच्या वेळी ती रेषा धावली, आणि मी ती पाहतच राहिले. दोन श्वास जास्त झाले असतील. दातांची टोके गळून पडली आणि सांध्याजवळ भोक पडले. काको रागावले नाहीत. त्यांनी तो तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला आणि दुसरी पट्टी कापायला सांगितली. संबंध दिवस मी केवळ दाते पाडणे आणि झाळणे एवढेच केले, कारण ते टाकाऊ पत्र्याच्या पट्ट्या एकामागून एक पुढे करत राहिले. सहाव्या की सातव्या सांध्याला त्यांनी कड्यावरून अंगठ्याचे नख आडवे ओढले, थोडेसे अडले, आणि ‘मिष्तो’ म्हणाले. रोमानीत मिष्तो म्हणजे चांगले.

दुसरे कडे वेगळ्याच कारणाने फसले. सांधा उत्तम जमला होता. मग लोखंडी दांड्यावर चढवून ते मठारायला घेतले, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके देऊन त्यावर खळ्यांची नक्षी उठवायला. प्रत्येक ठोक्याने धातू किंचित पसरतो, हे मी विसरले. दोन तासांनी कडे माझ्या हातातून आपोआप निसटू लागले, आणि एका बाजूला जास्त ठोके बसल्याने ते तिरपेही झाले. पसरणे गृहीत धरून सुरुवातीची पट्टी आखूड घ्यायची असते. किती आखूड, हे ज्याच्या त्याच्या हाताच्या वजनावर ठरते. काकोंच्या हाताला तीन मिलिमीटर पुरतात, मला पाच लागले. बीबींनी ते सैल कडे स्वतःच्या मनगटात घातले आणि परत दिले नाही, याचा मला फार आनंद झाला.

मठारताना कान महत्त्वाचा. मऊ तांब्याचा आवाज बसका असतो. ते कडक होत गेले की आवाज चढतो, आणि फार चढला की पुढचा ठोका तडा पाडू शकतो. तांबट आळीतला तो आवाज लहानपणी मी एकसारखाच समजत होते. तो तसा नसतो. दर खेपेला भट्टीतून निघालेल्या भांड्यावर तो खाली उतरतो आणि पुन्हा वर चढत जातो.

पडवीतला एक नियम मला पहिल्याच दिवशी मोडता मोडता कळला. ऐरण जमिनीत रोवलेली होती आणि हत्यारे तिच्याभोवती खालीच मांडलेली असत. मी एका हातोडीवरून पाय पलीकडे टाकणार, इतक्यात नातवाने मला थांबवले. स्त्रीच्या घागऱ्याचा स्पर्श हत्यारांना किंवा भांड्यांना होऊ नये, तिने त्यांवरून ओलांडून जाऊ नये, असा त्यांच्यात कडक निर्बंध आहे. शुद्ध-अशुद्धाच्या त्यांच्या मोठ्या व्यवस्थेचा तो भाग आहे, आणि धातूचे काम पुरुषांनीच करायचे, स्त्रियांनी माल विकायचा, ही वाटणीही त्याच व्यवस्थेतून आलेली दिसते. मी स्त्री असून शिकू शकले, ते पाहुणी म्हणून. हे मला खटकले, आणि मी ते बीबींना बोलूनही दाखवले. त्यांनी उत्तर दिले नाही. मात्र हत्यारांवरून पाय न टाकणे मला अवघड गेले नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होताना मी पाहिलेली आहे आणि पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायची सवय अजून सुटलेली नाही.

भाषेविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण कामाच्या वेळी ती सारखी कानावर पडत होती. आगीला ‘याग’, कोळशाला ‘अंगार’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मनुष’, चांदीला ‘रूप’. हा शेवटचा शब्द ऐकून माझा हात थांबला; आपल्या सोने-रुपे या जोडीतले रुपे ते हेच. आकडे मोजताना येख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव येथपर्यंत मी त्यांच्याबरोबर सहज मोजत गेले आणि पुढे एफ्ता, ओख्तो आले तेथे अडखळले, कारण सात आणि आठ हे त्यांनी ग्रीकमधून घेतले आहेत. ऐरणीसाठीचा जुना शब्द ‘आमोनी’ आणि तांब्याचा ‘खर्कोमा’ हेही ग्रीकच. रोमांचे पूर्वज भारतातून निघाले हे भाषेवरून ठरले आहे. पण धंद्यातले शब्द पाहिले तर हे कसब त्यांनी वाटेत, ग्रीक बोलल्या जाणाऱ्या बायझँटाइन साम्राज्याच्या मुलखात, वाढवले असावे असे अभ्यासक म्हणतात. त्यामुळे हे काम आपल्याकडूनच तेथे गेले, असे म्हणण्याचा मोह मी आवरला. ते त्यांनी त्यांच्या कष्टाने मिळवलेले आहे.

तिसरे कडे जमले. दोनशे पाच मिलिमीटरची पट्टी, नीट धरलेला सांधा, सगळीकडे सारखे ठोके. शेवटच्या दिवशी मी ते घालून पाहिले आणि घामाने मनगट हिरवट होईल अशी शंका बोलून दाखवली. काको म्हणाले, ‘हंड्याला आतून जे करतो, तेच करू.’ म्हणजे कल्हई. कडे निखाऱ्यावर गरम करून आतून नवसागर फिरवला, पांढरा धूर उठला, मग कथलाचा तुकडा टेकवून तो कापसाच्या बोळ्याने झटकन पसरला, आणि आतली बाजू रुप्यासारखी उजळली. कल्हई अखेरीलाच का, हेही तेव्हा समजले: कथील २३२ अंशांनाच वितळते, तेवढ्या उष्णतेने ठोकून कडक केलेले तांबे मऊ पडत नाही. आधी कल्हई केली असती तर झाळण्याच्या आगीत ती जळून गेली असती. हंड्याच्या कामाचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या का बदलला नाही, ते त्या एका बोळ्याच्या फेऱ्यात मला दिसले.

अशा एका कड्याला सराईत माणसाचे निदान अर्ध्या दिवसाचे काम लागते. रस्त्याकडेला थांबणारे प्रवासी मात्र किंमत अर्ध्यावर आणण्यासाठी घासाघीस करताना मी रोज पाहिले, आणि ते पाहणे मला जड गेले. संस्थेने शिकवणीचा आकार आधीच ठरवून घेतला होता व त्यातला मोठा वाटा थेट त्या घराला जात होता; अशा प्रवासाला जाणाऱ्यांनी ही गोष्ट आधी विचारून घ्यावी.

पुण्याला परतल्यावर मी ते कडे तांबट आळीतल्या एका वयस्क कारागिरांना नेऊन दाखवले. आपल्या जुन्या घागरींनाही असाच दातेरी सांधा असे, हे त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी खळ्यांकडे पाहिले नाही, आतल्या कल्हईवरून बोट फिरवले, मग कडे उजेडात धरून सांधा शोधला आणि त्यावरून अंगठ्याचे नख आडवे ओढले. एका ठिकाणी ते किंचित अडले. ‘इथे पितळ कमी पोचलंय,’ ते म्हणाले.