परतीच्या नळीतलं डिझेल

इंधनाची चाचणी म्हणजे बहुतेक वेळ वाट बघणं. पीटीओला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याला, डायनामोमीटर (लोड देऊन ताकद मोजणारं यंत्र) जोडायचा, इंजिन तापू द्यायचं, लोड स्थिर करायचा आणि इंजिन ज्यातून इंधन घेतं त्या काट्यावरच्या डब्याचं वजन तासभर टिपत राहायचं. त्या दिवशी एकाच बांध्याचे दोन जुने ट्रॅक्टर होते, एक पेट्रोलवरचा, एक डिझेलवरचा. मालकाला कोणता ठेवावा ते ठरवायचं होतं.

२० किलोवॅट लोडवर पेट्रोलने तासाला ६.८ किलो घेतलं, डिझेलने ७.४. सहकारी खूश झाला. "डिझेलचं कौतुक उगाच करतात," हे त्याचं जुनं मत. माणूस हुशार आहे, पण आकडा मनासारखा आला की पुढे तपासत नाही. मला तो आकडा पटेना. पेट्रोल इंजिनात नॉकिंगमुळे, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके बसतात म्हणून, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) फार वाढवता येत नाही. अशा जुन्या इंजिनात आठपटीच्या आसपास थांबावं लागतं. डिझेल सोळा-अठरापर्यंत जातं आणि त्याच उष्णतेतून जास्त काम काढतं. मग ते मागे पडेल कसं?

उत्तर बॉनेटवर दिसलं. डिझेलच्या टाकीच्या झाकणातून थेंब ओघळत होते. ही टाकी आम्ही काठोकाठ भरून बंद केली होती, इंजिन तर डब्यातून पीत होतं! पंपाचं आणि नोझलचं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचं) उरलेलं डिझेल परतीच्या नळीने टाकीत जात होतं आणि आम्ही ते जळालं म्हणून मोजत होतो.

नळी काढून डब्यात सोडली. परत येणारं डिझेल गरम असतं, फुगतं, म्हणून मापाच्या नळीपेक्षा वजनकाटाच खरा. तरी वाटेत पाण्याच्या बादलीत नळीची वेटोळी ठेवली. पुन्हा तासभर. ५ किलो.

म्हणजे पेट्रोल किलोवॅट-तासाला ३४० ग्रॅम, डिझेल २५०. लिटरमध्ये ९.२ विरुद्ध ६. इथे डिझेल ट्रॅक्टर विकणाऱ्यांचा मला राग येतो. लिटरमधला सगळा फरक ते इंजिनाच्या नावावर मांडतात. डिझेलचा लिटर मुळात जड, सुमारे ८३५ ग्रॅम, पेट्रोलचा ७४०. किलोमागे दोघांची उष्णता जवळजवळ सारखीच. खिशाचा हिशेब लिटरात करा, इंजिनाची परीक्षा किलोत.

खरी तफावत ५ किलोवॅटवर दिसली. पेट्रोल २.९ किलो, डिझेल १.८. पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण सांभाळायला थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, मिटून हवाच तोडावी लागते आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यात इंजिनाची ताकद जाते. डिझेल हवा पूर्ण घेतं, वेग सांभाळणारा गव्हर्नर फक्त इंधन कमी करतो. मालकाचं बरंचसं काम हलकंच होतं, पण वर्षात तास फार थोडे. तेव्हा पंप आणि नोझलच्या दुरुस्तीचा खर्चही धरा, एवढं मी त्यांना सांगितलं. डिझेलच ठेवा, असं छातीठोक म्हणालो नाही.

संध्याकाळी जुनी नोंदवही काढली. याच डब्यावर आधी डिझेलची बरीच इंजिनं मोजली आहेत, काही मीच. लोड, फेरे, तापमान, सगळं नीट लिहिलंय. परतीची नळी कुठे सोडली होती, ते एकाही पानावर नाही. त्या अहवालांवर कुणी काय विकलं, काय घेतलं, हे आता कुणाला विचारायचं?