कालव्याच्या माथ्यावरचे पाणी

जुन्या कालव्यांविषयी लिहिताना बहुधा खोदाईचे कौतुक होते. फ्रान्सच्या दक्षिणेकडील कानाल द्यू मिदीविषयी मी जसजसे वाचत गेलो, तसतसे मला पटत गेले की या कालव्याची खरी थोरवी नावा ये-जा करतात त्या पात्रात नसून त्याला पाणी पुरवणाऱ्या डोंगरातील पाटांमध्ये आहे.

तुलूजहून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या या सुमारे 240 किलोमीटरच्या वाटेत नोरूझचा उंचवटा आडवा येतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 190 मीटर असून त्याच्या एका बाजूचे पाणी अटलांटिककडे, तर दुसऱ्या बाजूचे भूमध्य समुद्राकडे वाहते. नाव चढवण्या-उतरवण्यासाठी लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची कोठडी, तेव्हा, म्हणजे सतराव्या शतकात, परिचित होती. परंतु माथा ओलांडणारी प्रत्येक नाव चढताना एक आणि उतरताना आणखी एक कोठडीभर पाणी माथ्यावरून खाली नेते. इतके पाणी नदीतून उपसून वर चढवणे त्या काळी अशक्य होते. ते माथ्याहूनही उंच जागेवरून, आपल्या उताराने आणि बारमाही यायला हवे होते.

हे कोडे सोडवणारा प्येर-पॉल रिके हा अभियंता नव्हता, तर मिठावरील कर वसूल करण्याचा मक्तेदार होता. मोंतान्य न्वार या डोंगररांगेतील ओढे अडवून त्यांचे पाणी पाटाने नोरूझला आणायचे, ही त्याची योजना होती आणि 1665 मध्ये त्याने चाचणीसाठी एक अरुंद पाट खणून ते पाणी खरोखर तेथवर पोहोचते हे दाखवून दिले. मला हा प्रसंग संपूर्ण कालव्याहून मोठा वाटतो. पुढच्याच वर्षी कालवा बांधण्याचा फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचा हुकूम निघाला. उन्हाळ्याच्या तरतुदीसाठी सॅं-फेरेओल येथे 30 मीटरांहून उंच असे मातीचे धरण बांधले गेले, ज्याच्या पोटात दगडी भिंती आहेत.

सरळ भिंतींचे एक लॉक मातीच्या दाबाने ढासळल्यावर रिकेने भिंतींना बाहेरच्या बाजूला बाक दिला, त्यामुळे त्या आडव्या पडलेल्या कमानीप्रमाणे दाब पेलू लागल्या. अशा लंबगोल कोठडीला पाणी मात्र जास्त लागते, म्हणजे तो भारही अखेर डोंगरातील पाटांवरच आला.

रिके ऑक्टोबर 1680 मध्ये वारला आणि कालवा मे 1681 मध्ये खुला झाला. वाटेतील ओढे थेट कालव्यात सोडल्याने गाळ साचू लागला होता, म्हणून 1686 नंतर वोबां या लष्करी अभियंत्याच्या सूचनेवरून अनेक ठिकाणी ओढ्यांना कालव्याखालून वाट काढून देण्यात आली. नोरूझला पाणी मात्र आजही रिकेच्याच पाटांनी येते.